नोट्समधले बाण दुरुस्त करताना

दहावीच्या 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' या धड्याच्या नोट्स आम्ही काही शिक्षकांनी मिळून टाइप केल्या होत्या. संगणकावर फाइल छान दिसायची. तोच मजकूर कॉपी करून मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, की बाण गायब आणि त्यांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए'. बाणाच्या डावीकडे अभिकारके, उजवीकडे उत्पादिते. मधला बाणच गेला, तर कशापासून काय तयार झालं हे घरी एकट्याने वाचणाऱ्या मुलाला कळणार कसं? म्हणून फाइल दुरुस्त करायचं काम मी अंगावर घेतलं.

आधी कारण शोधलं. दोन हायफन आणि 'पेक्षा मोठे'चं चिन्ह टाइप केलं की आमचा वर्ड प्रोसेसर आपोआप बाण करून देतो. पण तो बाण म्हणजे विंगडिंग्ज या चिन्हांच्या फॉन्टमधली 224 क्रमांकाची आकृती. साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये त्याच क्रमांकावर रेघवाला 'ए' आहे. मजकुरासोबत फॉन्ट गेला नाही, की तोच दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांना आणि चिन्हांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मात्र बाणांना स्वतःचे क्रमांक आहेत, 112 चिन्हांचा एक अख्खा गट. त्यातला → म्हणजे 2192. हा क्रमांक टाइप करून ऑल्ट आणि एक्स दाबलं, की आमच्याकडे खरा बाण उमटतो.

मराठी नोट्समध्ये तो रेघवाला 'ए' दुसरीकडे कुठे असण्याचं कारणच नव्हतं. त्यामुळे फाइंड-रिप्लेसने एका फटक्यात सगळे → जागेवर आले.

खरा वेळ गेला तो पुढे. कुणी अभिक्रियेसाठीही ⇒ वापरला होता. गणितात त्याचा अर्थ 'म्हणून', 'यावरून'. समीकरणात तो नकोच. उलटसुलट होणाऱ्या अभिक्रियेला कुणी ↔ दिला होता. रसायनशास्त्रात हा बाण संस्पंदनासाठी (रेझोनन्स, म्हणजे एकच रेणू एकाहून अधिक रचनांनी दाखवणं) राखलेला आहे, अकरावी-बारावीत मुलांना तो त्याच अर्थाने भेटणार. म्हणून तिथे एकावर एक दोन अर्धे बाण घातले:

नायट्रोजन + हायड्रोजन ⇌ अमोनिया

शिवाय काही फोनवर ↔ निळ्या चौकोनातली इमोजी होऊन बसतो, तो त्रासही टळला. इथे एकगठ्ठा बदल करून चालत नाही. प्रत्येक ओळ वाचावी लागते, आणि ती विषय शिकवणाऱ्यानेच वाचावी असं माझं ठाम मत आहे.

साका आणि वायूचे बाण तर बऱ्याच ठिकाणी टाइपच झाले नव्हते. ते एकेक करून घातले:

सिल्व्हर नायट्रेट + सोडिअम क्लोराइड → सिल्व्हर क्लोराइड ↓ + सोडिअम नायट्रेट

कॅल्शिअम कार्बोनेट → कॅल्शिअम ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड ↑

परीक्षानळीत पांढरा साका तळाशी बसताना ज्याने पाहिलाय, त्याला तो ↓ समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्या समीकरणात बाणावर उष्णतेचा त्रिकोण हवा. साध्या मजकुरात तो बाणाच्या डोक्यावर बसत नाही, म्हणून खाली 'उष्णता देऊन' असं सरळ लिहिलं.

शेवटी ऑटोकरेक्टच्या, म्हणजे टाइप केलेलं आपोआप बदलणाऱ्या सोयीच्या, यादीतली जुनी नोंद काढून तिथे युनिकोडचा → घातला. टाइप करायची सवय कुणालाच बदलावी लागली नाही. मात्र ही यादी प्रत्येक संगणकावर वेगळी असते, त्यामुळे स्टाफरूममधल्या आणि प्रयोगशाळेतल्या संगणकावर ती स्वतंत्र बदलून घेतली.