भरली की सुटणार

सांगलीकराला विचारा, मुंबईची गाडी कुठून पकडता? तो बिनदिक्कत मिरजेचं नाव घेईल. गावात स्वतःचं स्टेशन असलं तरी. मिरज इथून जेमतेम १० किलोमीटर, आणि जंक्शन ते जंक्शन! पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर, चारही बाजूंना रूळ गेलेले. एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची नॅरोगेज अशा तिन्ही मापांच्या गाड्या तिथं दिसायच्या. २०१६च्या दुष्काळात लातूरला पाण्याच्या वाघिणी गेल्या, त्याही मिरजेतूनच. एवढ्या थोरल्या शेजाऱ्यापुढं आमच्या स्टेशनचं काय चालणार? सांगली-मिरज सिटी बस गाठायची, विश्रामबागेत ती खच्चून भरते, आणि बॅग डोक्यावर घेऊन मिरजेत उतरायचं.

पण रेल्वे झाली लांबच्यांसाठी. तासगाव, कवठे महांकाळ, जत असं जवळपास जायचं तर एसटी नाहीतर वडाप, म्हणजे माणशी भाडं घेणारी खासगी गाडी. एसटीला वेळापत्रक असतं. वडापला ते नसतं. गाडी भरली की सुटते. ‘चला, लगेच सुटणार, एकच सीट!’ असं ड्रायव्हर ओरडतो, तेव्हा आत दोघंच बसलेले असतात आणि तिसरा त्याचाच क्लीनर. माणसाला इथं सीट म्हणतात, त्यात कुणाला अपमान वाटत नाही. ‘मामा, जरा सरका की,’ म्हणत चौघांच्या जागेत पाचवा बसतो. ड्रायव्हर स्वतः अर्धा दाराबाहेर. धोक्याचं आहे, कायद्यात बसत नाही, हे बसणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरी संध्याकाळी वस्तीच्या गाडीला अजून दोन तास असले की तोच माणूस वडापकडे वळतो. वाटेत मळ्याच्या तोंडाला हात केला तरी गाडी थांबते. ही सोय कुठल्या फलाटावर मिळायची?

मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि आमच्या घरात फूट पडली. आधी बायको वडापवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालायची. आता त्याच्याकडे बघतही नाही. गाडी कितीही उशिरा येवो, ती स्टँडवर शेंगा सोलत बसते. माझं म्हणणं, तेवढ्यात वडापनं आपण तासगावला पोचलो असतो. तिचं म्हणणं, पोचून तरी काय दिवे लावणार होता?