आधी उतार, मग तळं

आमचा मूळ धंदा पंप दुरुस्तीचा. जळालेली वाइंडिंग, गळके फुटव्हॉल्व्ह, हवा धरलेल्या लाइनी. तळ्यांकडे वळलो ते एका फजितीमुळे, आणि ती आधी सांगून टाकलेली बरी.

एका मोठ्या आवारातल्या तळ्याचा पंप सारखा चोंदायचा. पाणी हिरवंगार, हात बुडवला तर बोटं दिसत नसत. मालक म्हणाले, पंपाचं बघताय तसं पाण्याचंही बघा. मी शेवाळ मारायला मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, टाकला. दोन दिवसांत शेवाळ बसलं, पाणी निवळलं, मालक खूश आणि मी त्यांच्याहून खूश. चौथ्या दिवशी पहाटे फोन आला: मासे उलटे होऊन तरंगताहेत. मेलेलं शेवाळ तळाशी कुजत होतं आणि ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवत होते. रात्री वनस्पतीही प्राणवायू देत नाहीत, उलट वापरतात. म्हणून तळ्याला सगळ्यात जड जाते ती पहाट. शिवाय मोरचुदातलं तांबं माशांना मुळातच घातक. हे सगळं मी वाचलं, पण मासे मेल्यावर. त्या कामाचं बिल मी कधी पाठवलंच नाही.

त्यानंतर वाचायची सवय लागली. जर्मनीत कॅथे झायडेल या शास्त्रज्ञ बाईंनी 1950 च्या दशकातच पाणवनस्पतींच्या मुळांशी सांडपाणी सुधारतं का, याचे प्रयोग सुरू केले होते. पुढे 1980 च्या दशकात ऑस्ट्रियात क्लोरीनशिवायचे पोहण्याचे तलाव बांधले जाऊ लागले. त्यांत जवळपास निम्मी जागा वनस्पतींसाठी सोडत. म्हणजे आम्ही वनस्पतींकडून तळ्याचं पाणी स्वच्छ करून घ्यायला निघालो होतो, त्यात नवीन काहीच नव्हतं. फक्त आम्हाला माहीत नव्हतं.

वर्कशॉपमागे पहिला गाळणी-वाफा, म्हणजे पाणी गाळून काढणारा खडीचा आणि पाणवनस्पतींचा वाफा, केला तो खडी न धुताच. पाणी आठवडाभर चहासारखं येत राहिलं. धुतलेली खडी भरल्यावर खरं काम कळलं: गाळण्याचं काम खडी करत नाही, तिच्यावर चढलेला बुळबुळीत थर करतो. त्यातले जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट, आणि ते पाणकणीस, कर्दळ, लव्हाळा यांची मुळं ओढून घेतात. हा थर जमायला दीड-दोन महिने लागतात. तेवढ्या काळात गिऱ्हाईक तीनदा तरी फोन करून विचारतं, "अजून हिरवंच कसं?" आता कोटेशनमध्येच लिहितो, पहिले दोन महिने धीर धरा. तरी फोन येतातच.

पण वाफाही पुरेना. एका आवारात आम्ही तो दुप्पट मोठा केला तरी पाणी हिरवं. पंप बदलला, खडी बदलली. शेवटी भर पावसात छत्री घेऊन उभा राहिलो तेव्हा दिसलं की वरच्या हिरवळीवर टाकलेलं खत ओघळून थेट तळ्यात येतंय. खतातल्या एक ग्रॅम फॉस्फरसवर शंभर ग्रॅमच्या आसपास कोरडं शेवाळ पोसलं जातं. आम्ही खाली गाळत होतो आणि वरून खाऊ घालणं चालू होतं. वरच्या अंगाला एक चर खणला, पाण्याचा वेग मोडायला गाळकुंडी केली, काठाला वाळ्याची ओळ लावली. वाफा तोच ठेवला. पाणी सुधारलं.

तेव्हापासून आम्ही तळं बघायला जातो ते तळ्याकडे पाठ करून. आधी उतार चालायचा. झाडांचा पाला कुठे साचतो, गोठ्याचं पाणी कुठे जातं, छपराच्या पन्हाळी कुठे सुटतात, ते बघायचं. आणखी एक शिकलो: वाढलेली पाणवनस्पती कापून काठावरच टाकली की कुजून सगळं परत पाण्यात. ती आवाराबाहेर किंवा खताच्या खड्ड्यात गेली पाहिजे. नको म्हटलं तरी हे कोणी ना कोणी करतंच.

पावसाचं पाणी साठवायची कामं गिऱ्हाइकांनीच सुरू करायला लावली. हिशेब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. 500 चौरस मीटरच्या छपरावरचे पहिले दोन मिलिमीटर, म्हणजे हजार लिटर, धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येतात. ते वेगळे सोडून द्यायचे, मग टाकी भरायची. टाकी बंद, अंधारी, जाळी लावलेली. आत येणारा पाइप तळाशी नेऊन एल्बोने (वाकड्या जोडाने) वर वळवायचा, म्हणजे बसलेला गाळ ढवळत नाही.

चुका होतात त्या "तळंच मोठं करा, तेच साठवण" या हट्टापायी. अर्ध्या एकराचं, म्हणजे 2,000 चौरस मीटरचं तळं घ्या. कोरड्या उन्हात रोज सहा मिलिमीटर पाणी उडालं तर दिवसाला 12,000 लिटर गेले. चार महिन्यांत 72 सेंटिमीटर पातळी नुसती हवेत. दीड मीटर खोलीच्या तळ्याचं हे जवळजवळ निम्मं पाणी. म्हणून आम्ही वापराचं पाणी टाकीत आणि डोळ्यांचं सुख तळ्यात, असं वेगळं करायला सांगतो. त्यामुळे काही कामं हातची गेली.

एक काम मात्र माझ्या चुकीने गेलं. पाणी झिरपू नये म्हणून तळ्यात अस्तर अंथरलं, पण त्याखाली निचऱ्याचा पाइप टाकला नाही. पाऊस लागला, भूजल वर आलं आणि अस्तराखाली पाणी भरून मधोमध देवमाशाच्या पाठीसारखा फुगवटा उभा राहिला. तळं रिकामं करून, अस्तर काढून, सगळं पुन्हा केलं, आमच्या खर्चाने. आता निचऱ्याशिवाय अस्तराचा गठ्ठा सुटत नाही, कितीही घाई असो.

ज्यांचे मासे मेले होते त्यांचा बऱ्याच वर्षांनी पुन्हा फोन आला. मला वाटलं तळ्याचं काम असेल. म्हणाले, छपरावरच्या पाण्यासाठी टाकी करून द्या. केली. जाताना तळ्याचा उतारही चालून आलो आणि गाळकुंडीची जागा खडूने आखून ठेवली. गाळकुंडी त्यांनी बांधून घेतली, पाणीही आता बरं असतं. मासे मात्र त्यांनी पुन्हा सोडले नाहीत.