बुऱ्हाणपूर: मिर्झाराजांच्या छत्रीपर्यंत

मिर्झाराजे जयसिंह म्हटलं की आपली गाडी पुरंदरावरच अडते. दिलेरखानाचा वेढा, मुरारबाजींचं बलिदान, १६६५चा तह, २३ किल्ले गेले, १२ राहिले. पुढे या माणसाचं काय झालं, हे आपल्यापैकी फारच थोडे जण विचारतात. उत्तर भुसावळपासून रेल्वेने तासाभरावर आहे.

बुऱ्हाणपूर स्टेशन लालबागेत आहे. जुनं शहर आणि ताप्ती तिथून बरीच लांब, त्यामुळे रिक्षा लागतेच. रिक्षावाल्याला ‘जयसिंहाची समाधी’ म्हणू नका, ‘राजा की छतरी’ म्हणा आणि बोहरडा गाव सांगा. शहरापासून सहा-सात किलोमीटर पडतं. भाडं जाऊन-येऊन, थांबण्यासकट ठरवा, कारण तिथून परतीची रिक्षा मिळेल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. पाणी सोबत घ्या.

ताप्तीकाठी जोतं, त्यावर खांब, वर घुमट. एवढंच. राजांच्या राजधानीचा, आमेरचा डामडौल डोळ्यांसमोर असेल तर हे फारच साधं वाटतं. राजांचा दहनविधी इथेच झाला आणि औरंगजेबाच्या हुकमाने छत्री उभी राहिली, असं सांगतात. मला यातली विसंगती जास्त बोचली. दहाव्या वर्षी गादीवर आलेला हा मुलगा जहांगीर, शाहजहान, औरंगजेब अशा तीन बादशहांच्या चाकरीत आयुष्यभर राबला. पुरंदरानंतरची विजापूरची मोहीम फसली. तिच्यात त्यांनी पदरचा पैसा ओतला होता, तोही बुडाला. त्यातच शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले आणि त्यांची हमी घेतलेल्या रामसिंहावर, म्हणजे राजांच्या थोरल्या मुलावर, बादशहाची मर्जी फिरली. दख्खनचा कारभार शहजादा मुअज्जमकडे गेला आणि परत बोलावलेले राजे १६६७ साली वाटेत इथेच वारले. विषप्रयोगाच्या कथा ऐकवल्या जातात. माझा त्यांवर विश्वास नाही. छप्पन्न वर्षांच्या, थकलेल्या माणसाला मरायला विष लागत नाही.

त्याच दिवशी ताप्तीपलीकडे जैनाबादला आहूखाना, म्हणजे मुघलांची हरणांची बाग, बघाच. १६३१ साली मुमताज बुऱ्हाणपुरात वारली तेव्हा तिला आधी तिथे पुरलं होतं. पुढे आग्र्यात ताजमहालासाठी निवडलेल्या जागेवर राजा मानसिंहाची हवेली होती आणि ती वारशाने जयसिंहांकडे आली होती. शाहजहानने बदल्यात त्यांना चार हवेल्या दिल्या; १६३३चं फर्मान आहे. हे ठाऊक असलं की पडझडीतला आहूखानाही बोलू लागतो, नाहीतर पाच मिनिटांत कंटाळा येतो.

शाही किल्ल्यात हमामाच्या छतावरची रंगीत नक्षी सकाळच्या उजेडात बघा. जामा मशिदीत अरबीच्या जोडीने संस्कृत शिलालेख आहे, तो विचारून शोधा. कुंडी भंडारा, म्हणजे मुघल सरदार अब्दुल रहीम खानखानानच्या काळातली भुयारी पाणीव्यवस्था, लालबागच्याच बाजूला आहे, म्हणून परतीच्या गाडीआधी ठेवा. खाली उतरायची सोय सुरू आहे का, ते आधी विचारून घ्या. जवळचा असीरगड किल्ला याच दिवसात कोंबू नका, त्याला वेगळा दिवस हवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये जळगावचं ऊन झेपत नसेल तर इथे फिरकू नका. मावा जिलेबी गरमच खा. घरी बांधून आणलेली चिवट होते.