उलटं करून बघावं

मार्च उजाडला की फुटपाथावर माठ येऊन बसतात. टिचकी न मारता माठ घेणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय. खणखणला तर घ्यायचा, बद्द वाजला तर बाजूला सारायचा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. आईचं बोट धरून बाजारात ताटकळलेल्या प्रत्येक पोराला ते येतं. आई टिचकी मारणार, मग माठ उन्हाकडे धरून आत डोकावणार, मग पुन्हा टिचकी. आणि माठवाली "काय बाई, सोयरीक जुळवताय का" अशा नजरेनं बघत राहणार.

हीच चोखंदळ मंडळी मुंबईत काळा घोड्याच्या एखाद्या गारेगार, पांढऱ्या भिंतींच्या दुकानात शिरली की हात पाठीमागे बांधतात. हाताने घडवलेला, चांगला चार आकडी किमतीचा कप लांबूनच बघतात, हळू आवाजात "छान आहे ना" म्हणतात आणि बांधून घेतात. अहो, उलटा करा तो! दुकानदार काही म्हणत नाही. म्हणालाच तर तिथे घेऊच नये.

कपाच्या बुडाच्या कडेला ग्लेझ, म्हणजे मातीवरचा काचेसारखा चकचकीत लेप, नसतो. असता तर भट्टीत तो वितळून कप फळीला कायमचा चिकटला असता. त्या उघड्या कडेवरून बोट फिरवावं. खरखरीत लागली तर टेबलाच्या सनमायक्यावर ओरखडे ठरलेले. कड घासून गुळगुळीत करणं घडवणाऱ्याचं काम, गिऱ्हाइकाचं नव्हे. मग वजन. चाकावरून उतरवलेला कप अर्धवट वाळला की बुडाची जादा माती तासून काढायची असते. तिथे आळस झाला की रिकामा कपही भरल्यासारखा जड लागतो. मग कान. कान आणि कप यांची ओल सारखी नसताना ते जोडले, तर जास्त ओला असेल तो वाळताना जास्त आक्रसतो आणि जोडाशी केसाएवढी चीर पडते. ग्लेझखाली ती झाकली जाते, पण गरम चहा तिला कधी ना कधी शोधून काढतो. ग्लेझवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर गार होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आक्रसलाय. फुलदाणीला शोभतं, काहीजण मुद्दाम करतातही. चहाच्या कपाला नको. रेषांत चहा मुरतो आणि महिन्याभरात कप वृद्ध दिसू लागतो.

घरी आणल्यावर एक परीक्षा: कपात पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवायचा. सकाळी कागदावर ओलं कडं उमटलं तर माती पुरती भाजलेली नाही. स्टोनवेअर, म्हणजे असे दगडासारखे टणक भाजलेले कप, साधारण १२०० ते १३०० अंशांवर भाजतात आणि नीट भाजलं तर ते जवळजवळ पाणी पीतच नाही. माठाचं बरोब्बर उलट. धारावीच्या कुंभारवाड्यातल्या भट्ट्या हजार अंशांच्या आतच थांबतात, आणि माठासाठी तेच बरं. त्यानं झिरपायलाच हवं. झिरपलेलं पाणी बाहेर वाळतं म्हणून आतलं गार होतं. मुंबईच्या दमट हवेत ते धड वाळत नाही, म्हणून नागपूरच्या माठापुढे इथला माठ नेहमीच जरा बावळट ठरतो.

कापडाची गोष्ट थोडक्यात. हातमागाची पैठणी उलटी केली तरी मोर जवळपास तसाच दिसतो. मागे लोंबणाऱ्या मोकळ्या दोऱ्यांचं जंगल दिसलं तर तो जॅकार्डचा, म्हणजे नक्षी आपोआप विणणाऱ्या मागाचा मोर. ठशांच्या छपाईत एक ठसा दुसऱ्याला जिथे भिडतो तिथे थोडं मागेपुढे होतंच, आणि दर वेळी वेगळं होतं. यंत्रावरच्या नकलेत चूकही ठराविक अंतरावर नेमकी तीच, तशीच पुन्हा येते. चुकांची अशी शिस्त बघितली की घडी घालून परत द्यावी.

चित्रांकडे वळू. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे, तरी अजून आपण तिथे देवळात आल्यासारखे वावरतो. चित्र उलटं करता येत नाही हे खरं, पण प्रिंट घ्यायची असेल तर जवळ जाऊन तिरकं बघता येतं. एचिंग असेल, म्हणजे कोरलेल्या धातूच्या पाटीवरून छापलेलं चित्र, तर कागदात त्या पाटीची दबलेली चौकट दिसते. खाली पेन्सिलीनं ३/२५ असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे पंचवीसांपैकी तिसरी प्रत. भिंगातून बारीक रंगीत ठिपके दिसले तर ती कॉम्प्युटरवरून काढलेली छपाई. तीही घ्यावी, मात्र एचिंगच्या भावात नको.

चित्राची खरी वाट फ्रेमवाल्याकडे लागते. नेहमीचा फ्रेमवाला कागद चारही बाजूंनी पुठ्ठ्याला डकवतो, वर काच टेकवतो, मागे हार्डबोर्ड ठोकतो. जूनमध्ये कागद ओल पिऊन फुगतो, डकवलेला असल्यामुळे त्याला सरकायला जागा नसते, मग त्याला लाटा येतात. जिथे काचेला टेकतो तिथे बुरशी. चित्राभोवती पुठ्ठ्याची चौकट असते तो माउंट, आणि स्वस्त माउंटमधलं आम्ल वेगळंच. चार-पाच वर्षांत माउंटच्या खिडकीची तिरकी कड पिवळी पडते आणि तो पिवळेपणा चित्रात उतरतो. म्हणून आम्लरहित माउंट मागायचा. कागद फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, पातळ जपानी कागदाच्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीनं लटकवून घ्यायचा. माउंटच्या जाडीमुळे काच आणि चित्र यांत फट राहते, ती हवीच. सेलोटेप कुठेही नको. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवले की भिंतीमागून हवा खेळते. आणि पश्चिमेच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर कागदावरचं चित्र लावूच नये, मग सोफा कुठेही असो. एवढं सांगितल्यावर फ्रेमवाला तुमच्याकडे त्या माठवालीच्या नजरेनं बघतो. बघू द्यावं.

भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मात्र हात मागेच ठेवा. १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेल्या त्या इमारतीत जुन्या बॉम्बे स्कूल ऑफ आर्टची भांडी काचेत आहेत. वाकून, मान वाकडी करून बूड दिसतंय का बघायला कुणाची हरकत नसते.

बुडाशी बघण्याचं आणखी एक कारण म्हणजे शिक्का. स्टुडिओत घडवलेल्या कपाखाली बहुतेकदा घडवणाऱ्याचं नाव किंवा खूण कोरलेली असते. प्रिंटखाली सही असते. वारलीसारखी, पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या सुवासिनींनी बिननावाची रंगवलेली चित्रंसुद्धा वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यापासून नावानिशी ओळखली जाऊ लागली. कोल्हापुरी चप्पल उलटी केली की चामड्याच्या वादीचे टाके दिसतात, खिळा नसतो, बाभळीच्या सालीनं कमावलेल्या चामड्याचा वास येतो. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांच्या नावानं. तळव्यावर मात्र नाव नसतं. विचारलं तर दुकानदार म्हणतो, "ओरिजिनल कोल्हापूरचाच माल आहे साहेब." कुणी शिवली, ते त्यालाही माहीत नसतं.