मलिक अंबर आहे ना, मग आणखी काय हवं?

संग्रहालयांत आम्ही सिद्दी, म्हणजे आफ्रिकेतून इथे आलेल्यांचे वंशज, दिसत नाही, असं म्हटलं की समोरून हाच प्रश्न येतो. तुम्ही संग्रहालयवाल्यांनीही विचारलंत, म्हणून लिहिते.

अंबर मोठाच, निजामशाहीचा वजीर. पण तो हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. माझे पूर्वज पोर्तुगिजांनी मोझांबिककडून गोव्यात गुलाम म्हणून आणलेले, तिथून घाट चढून कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरच्या जंगलात पळून गेलेले. अंबरच्या तसबिरीत ते कुठून दिसणार?

मागे एका संग्रहालयात मोगल चित्रांच्या प्रती मांडल्या होत्या. त्यात अबुल हसनचं साधारण १६१६चं ते चित्र होतं: जहांगीर पृथ्वीगोलावर उभा राहून, भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. खरं तर अंबर त्याच्या हाती कधी लागलाच नाही. १६२६ साली म्हातारा होऊन गेला. पाटीवर यातलं अक्षरही नव्हतं. शाळेची सहल आली होती. एका पोराने मुंडक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि शेजारच्याला कोपराने ढोसलं. सगळी रांग वळली. त्यांच्या बाई ओरडल्या, तशी गाईड लगबगीने माझ्याकडे आली आणि इंग्रजीत विचारू लागली, कुठल्या देशातून आलात? म्हटलं, "हल्याळची. मराठी शाळेत शिकलेय." ती ओशाळली. म्हणाली, "मग मुलांशी बोला ना दोन मिनिटं." मुलं विचारत होती, तुम्ही घरी काय खाता, कुठली भाषा बोलता. मी सांगत होते आणि माझे हात थरथरत होते. त्या पोरावर राग नाही माझा. त्याला आम्ही पहिल्यांदा भेटलो तेच भाल्यावर.

कॉलेजात असताना मीच म्हणायचे, गुलामी दाखवू नका, दरबार दाखवा, सिद्दींचा जंजिरा दाखवा. कॉलेजातल्या त्या माझं म्हणणं मला आजही पुरतं खोडता येत नाही. साखळदंड बघून कुणाच्या लेकराची मान ताठ होते? पण ते झाकलं, तर आम्ही घाटावर आलो कसे हे कोण सांगणार?

उद्घाटनाला आमचं नाचाचं पथक बोलावतात. तेवढ्यावर भागवू नका. आमच्या बायकांची कवंदी ठेवा, म्हणजे गोधडी: जुन्या लुगड्यांचे तुकडे कडेपासून आत शिवत नेलेले, चारी कोपऱ्यांना कापडाची घडी घातलेली फुलं. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं कुणी म्हणत नाही. खाली शिवणारीचं नाव, गाव, साल लिहा. 'आफ्रिकन वंशाची कला' एवढंच लिहून मोकळे होऊ नका. आणि पाटी मराठीत, कोकणीत, कन्नडमध्ये हवी. माझी भाची कन्नड शाळेत शिकते, तिला ती कुणाला न विचारता वाचता आली पाहिजे.