बाबांच्या गाडीचं बेअरिंग

कॅनडात, मिसिसागात गाडीचं काही वाजलं की आधी मीच पाना काढतो. हौस वगैरे नाही, तिथली मजुरी ऐकली की पाना आपोआप हातात येतो. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे चाक ज्यावर बसतं तो हब गंजून असा धरतो की चाकाचं बेअरिंग बदलताना निम्मा दिवस ठोकाठोकीतच जातो.

त्या अनुभवाच्या जोरावर यंदा मुलुंडला आल्यावर बाबांच्या गाडीला हात घातला. पूर्व द्रुतगती मार्गावर साठच्या पुढे गेलं की घूंऽऽ. बाबांचं निदान तयार होतं, "अरे, टायर झिजलेत." मी स्टिअरिंग जरा डावीकडे घेतलं, आवाज वाढला. उजवीकडे घेतलं, गप्प. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, म्हणजे दुखणं उजवीकडे. सोसायटीत आल्यावर पुढचं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं आणि बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवली. जात्यात खडा आल्यासारखी खरखर. बाबांनाही हात लावायला लावला. टायरचा विषय संपला.

गाडी पुन्हा खाली घेतली, बाबांना ब्रेकवर बसवलं आणि पान्याला पाईप लावून ॲक्सलचा नट सैल केला. ब्रेकचा कॅलिपर तारेने टांगला, नाहीतर सगळा भार ब्रेकच्या नळीवर येतो. तळमजल्यावरच्या काकू चहा घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तिकडे नोकरी ठीक चाललीय ना रे?"

बेअरिंग दाबून काढायचा प्रेस नव्हता, म्हणून नकल (knuckle, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं तो लोखंडी भाग) सोडवून पिशवीत घालून रिक्षाने लेथवाल्याकडे. त्याने हब दाबून काढला. बेअरिंगची आतली रिंग हबवरच अडकून राहिली, तशी ती राहतेच. ग्राइंडरने तिरकी चीर, छिन्नीचा एक घाव, टण्ण! रिंग खाली. मी नवं बेअरिंग पुढे केलं तर त्याने ते उलटं फिरवलं.

"ही काळी बाजू सेन्सरकडे, साहेब. नाहीतर डॅशबोर्डवरचा ब्रेकच्या एबीएसचा दिवा विझणार नाही."

मग नकलमध्ये बसवताना फक्त बाहेरच्या रिंगवर दाब दिला. "आतल्या रिंगवर दाबलं तर गोळ्यांचे डाग पडतात. महिन्यात परत वाजतं."

मिसिसागातलं माझं पहिलं बेअरिंग बरोबर महिन्यात वाजलं होतं. मी दुकानदाराला माल खोटा म्हणून सुनावून आलो होतो.

संध्याकाळी ऐरोलीच्या पुलापर्यंत चक्कर मारली. गाडी गप्प. बाबा कान देऊन बसले होते.

"आता हा डॅशबोर्ड वाजतोय बघ."