लिंपणं आणि बुजवणं

परवा कैरीच्या लोणच्याच्या बरणीला दादरा बांधत होते, तर धाकटी म्हणाली, "आई, नीट सील कर हं." सील म्हटलं की मला मात्र लिंपणं आठवतं, आणि लिंपण्यामागोमाग हरिपूर.

माझं माहेर तिथलं. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं, हळदीच्या पेवांचं गाव. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि आत रांजणासारखं मोठं पोट. आमचे अप्पा पेवं भरायच्या कामावर होते. आत पाला अंथरायचा, हळद ओतायची, तोंडावर फरशी ठेवायची आणि चिखलानं कडा लिंपायच्या. लहानपणी मीही हात घालायचे. अप्पा म्हणायचे, "बोट फिरवून बघ. डोळ्याला दिसत न्हाई ती फट बोटाला घावती."

फट राहिली की हवा जाते, आणि हवा मिळाली की कीड जगते. नीट लिंपलेल्या पेवात प्राणवायू कमी होत जातो, म्हणून हळद टिकते. पण तीच कोंडलेली हवा माणसाचा जीव घेऊ शकते. त्यामुळं पेव उघडल्या उघडल्या कुणी उतरत नसे. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील आत सोडायचा. विझला, तर माणूस वरच. 'क्लासचं पेव फुटलंय' असं वाचते तेव्हा मला तो कंदील दिसतो.

बुजवणं वेगळं. खड्डा बुजवतात, पडकी विहीर बुजवतात. तिथं परत यायचं नसतं. लिंपलेलं मात्र उघडण्यासाठीच असतं. आत जपलेलं काहीतरी असतं आणि ते काढायला कुणीतरी येणार असतं. शब्दकोशात दोन्हींपुढं 'बंद करणे' लिहिलं तरी मला ते एक वाटत नाहीत.

२००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं. हळद गेली, कितीतरी पेवं खचली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर माल गोदामांत आणि शीतगृहांत जायला लागला होता. आमच्या घरामागचं पेव भावानं मुरूम टाकून सपाट केलं. आता तिथं त्याचा ट्रॅक्टर उभा असतो.

अप्पा होते तोवर पाहुण्यांना ती जागा दाखवायचे. "हितं पेव हाय," म्हणायचे, "लिंपून ठेवलंय."